तळाची माती

मे महिना आला. शाळेला सुटी लागली. सातारा-सांगलीकडच्या मळ्यांतल्या विहिरी पोरांनी गजबजतात. धाकटी पोरं पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून पोहायला शिकतात. थोरली काठावरून मुटका मारतात. मग पैज लागते, "तळाची माती कोण आणतो?"

पोहणे चांगलेच. ते बायामाणसांनाही यावे. पण या पैजेत पट्टीचा पोहणाराही जातो. कसा, ते बघा.

श्वास कोंडला की छाती तडफडते. "आता श्वास घे" असे शरीर सांगते. तुम्ही म्हणाल, प्राणवायू संपला म्हणून. तसे नाही. रक्तात कर्बवायू साठतो, तोच ही हाक देतो. पुष्कळ पोरं बुडीआधी भराभर दहा-वीस मोठे श्वास घेतात. त्यांना वाटते, हवा जास्त भरली. प्राणवायू फारसा वाढत नाही. कर्बवायू मात्र निघून जातो. मग हाक उशिरा येते. तोवर प्राणवायू संपत येतो आणि माणूस बेशुद्ध होतो. तो ओरडत नाही. हातपाय झाडत नाही. काठावरची पोरं म्हणतात, "गडी दमाचा हाय!"

खोल बुडी आणखी वाईट. लिंब गावची बारा मोटांची विहीर तुम्ही पाहिली असेल. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही विहीर सुमारे ११० फूट खोल आहे. अशा खोलीचा हिशोब असा : ३३ फूट पाण्याखाली छातीतली हवा दाबाने निम्मी होते. वर येताना ती पसरते, दाब उतरतो, आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. म्हणून पुष्कळदा माणूस वर येता येताच शुद्ध हरपतो.

तेव्हा भराभर श्वास घेऊ नका. पैज लावू नका. एकट्याने तर बुडी नकोच. एक खाली, एक वर. वरच्याला चांगले पोहता यावे, आणि त्याची नजर पाण्यावरून हलू नये. कान दुखला की परत फिरा. पाण्यात मोटारीची वायर असेल तर आधी वीज बंद करा. आणि घागर पडली तर गळ टाका. घागरीपायी जीव कशाला?

कृष्णेची गोष्ट वेगळी. कोयना धरणाचे पाणी सोडले की कऱ्हाडच्या खाली नदी चढते. भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात मगरीही आहेत. तिथे बुडीचा खेळ नकोच.

कुणी बुडालाच तर? बाहेर काढा. उलटे टांगू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. एकाने १०८ ला फोन लावावा. श्वास चालत नसेल तर नाक धरून तोंडाने ५ वेळा हवा भरा. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने दाबा, मग २ वेळा हवा भरा. गाडी येईपर्यंत हेच करा. तो उठून बोलू लागला तरी दवाखान्यात न्या. छातीत गेलेले पाणी काही तासांनीही दम कोंडते.