परिसर-भूगोल : कार्ले खोऱ्याचा एक पाठ

एका शाळेस भेट देत असता मी चौथीतील मुलास नद्या विचारल्या. गंगेपासून कावेरीपर्यंत सर्व नावे त्याने धडाधड सांगितली. मग खिडकीबाहेरच्या इंद्रायणीकडे बोट दाखवून, "ही कोठे जाते?" असे विचारताच तो गप्प झाला. "ही पुस्तकात नाही, गुरुजी," एवढेच तो म्हणाला. दोष त्याचा नव्हता. आपल्या अध्यापनाचा होता.

म्हणून हा पाठ वर्गात न घेता कार्ले लेण्यांच्या पायऱ्यांवर घ्यावा. मुलांना दक्षिणेकडे तोंड करून बसवावे व उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने काय दिसते ते पाटीवर रेखाटण्यास सांगावे : लेणी व एकवीरा देवीचे मंदिर, जुना मुंबई–पुणे रस्ता, इंद्रायणी नदी, मळवली स्थानकाचा लोहमार्ग, द्रुतगती मार्ग आणि पलीकडे भाजे लेणी, लोहगड व विसापूर.

आता विचारावे, "इतके मार्ग याच खोऱ्यातून का गेले?" उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. दोन्ही बाजूंस डोंगर, मध्ये नदीने केलेली सपाटी आणि पश्चिमेस कोकणात उतरणारा बोरघाट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्यासारख्या बंदरांतून देशावर येणारे व्यापारी येथूनच जात. चैत्यगृहाच्या शिलालेखांत सोपारा व वैजयंती येथील दात्यांची नावे आहेत. पुढे खंडाळा–पुणे लोहमार्ग 1858 साली सुरू झाला, बोरघाटातून गाडी 1863 साली धावली आणि 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साधने बदलली, वाट तीच राहिली.

इंद्रायणी लोणावळ्याच्या बाजूने येऊन देहू व आळंदीवरून तुळापूर येथे भीमेस मिळते, हे शेवटी नकाशावर दाखवावे.

स्वाध्याय : (1) घरातील वडीलधाऱ्यांस विचारून, पूर्वी ते बाजारास कोणत्या वाटेने जात, ते लिहा. (2) आपल्या गावाचा असाच उत्तर-दक्षिण आराखडा काढा.

सूचना : रस्ता ओलांडताना मुलांची रांग करून पुढे व मागे एकेक शिक्षक असावा. लोहमार्गावर किंवा द्रुतगती मार्गावर मुलांना नेऊ नये. ते वरूनच दाखवावेत.

आपल्या दारची नदी ज्यास कळली, त्यास गंगा समजावून देणे कठीण जात नाही.