सिनेगॉग आणि आपले बेने इस्रायल

मुंबईच्या मशीद बंदर स्थानकातून रोज हजारो लोक ये-जा करतात. नावातील ही मशीद मुसलमानांची, असाच बहुतेकांचा समज असतो. परंतु हे नाव जवळच्या ज्यू प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगतात. कोकणातील ज्यू, म्हणजे बेने इस्रायल लोक, आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत. इतरत्र त्यास सिनेगॉग म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ 'एकत्र जमणे' असा आहे. हिब्रू नाव 'बेथ क्नेसेथ', म्हणजे जमण्याचे घर. दोन्ही नावांत देवाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

ज्यूंचे खरे देवालय एकच, ते जेरुसलेमचे. तेथे पुरोहितांच्या हातून यज्ञबली होत. इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनी लोकांनी आणि पुन्हा उभारल्यावर इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले. त्यानंतर बली कायमचे थांबले व त्यांची जागा प्रार्थनेने घेतली. सिनेगॉग मात्र त्यापूर्वीही होते. जेरुसलेमला सापडलेल्या एका ग्रीक शिलालेखात थिओडोटस नावाच्या गृहस्थाने सिनेगॉग बांधल्याची नोंद आहे. धर्मशास्त्राचे वाचन व आज्ञांचे शिक्षण हा त्याचा हेतू सांगितला असून परगावच्या लोकांसाठी खोल्या व पाण्याची सोय केल्याचेही त्यात म्हटले आहे. म्हणजे पाठशाळा आणि धर्मशाळा ही दोन्ही कामे आरंभापासूनच या वास्तूकडे होती.

आत मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत एक कपाट असते. आपल्याकडे ते अर्थातच पश्चिमेस येते. त्यात तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या ठेवतात. पुढे अखंड दिवा असतो. आपल्याकडील सिनेगॉगांत मध्यभागी कठड्याचा चौथरा असतो व तेथून वाचन होते. अक्षरांना बोट लागू नये म्हणून वाचणारा लहानशी कांडी वापरतो. परंपरानिष्ठ सिनेगॉगांत स्त्रियांची बैठक वेगळी, बहुधा वरच्या सज्जात असते.

या सर्व वस्तूंहून महत्त्वाची अट माणसांची आहे. सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हवेत. या गणसंख्येस 'मिन्यान' म्हणतात. (अलीकडील काही सुधारक पंथांत स्त्रियांचीही गणना होते.) रब्बी नसला तरी चालते, पण नऊच माणसे जमली तर इमारत कितीही भव्य असो, तोराचे सार्वजनिक वाचन होत नाही. मृताच्या नातलगाने म्हणावयाचे 'कद्दिश'ही म्हणता येत नाही. या कद्दिशमध्ये मृत्यूचा शब्दही नसतो, केवळ ईश्वराची स्तुती असते. बापामागे मुलाला ती एकट्याने करता येत नाही, त्यासाठी शेजारीपाजारी यावेच लागतात. मला या धर्मातील ही तरतूद फार समंजस वाटते.

आता कोकणाकडे वळू. परंपरेप्रमाणे बेने इस्रायलांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले. त्यांनी तेलघाण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. कित्येक शतके त्यांच्याकडे ना सिनेगॉग होते, ना ग्रंथ. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढ्यावर त्यांनी धर्म टिकविला. तो स्वयंपाकघरात आणि ओटीवर टिकला, असेच म्हणावे लागते. पोहे, नारळ, गूळ व फळे मांडून एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणारा 'मलिदा' आजही घरोघरी होतो.

त्यांचे पहिले सिनेगॉग, 'शआर हारहमीम', मुंबईस १७९६ मध्ये उभे राहिले. ते बांधणारे सामुएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी हे कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल त्यांनी ते बांधले, अशी हकिगत समाजात सांगतात. पुढे अलिबागला १८४८ मध्ये व पनवेलला १८४९ मध्ये सिनेगॉग झाले. पुण्याचे लाल देऊळ मात्र बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांचे. ते १८६७ चे. बेने इस्रायलांत सिनेगॉगचा कारभार मुकादम, चौगुले व गबाई पाहत. ही पदांची नावेच पाहावीत: पहिली दोन आपल्या गावगाड्यातली, तिसरे हिब्रू! लग्ने, सुंतेचे विधी, वर्गणी, जातीतील तंट्याबखेड्यांचा निवाडा हे सारे त्याच आवारात चाले. १८८० नंतर या लोकांनी बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही रचली.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि वीस हजारांच्या आसपास असलेल्या या समाजातील बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. आज भारतात काही हजारच उरले आहेत. त्यांतील पुष्कळ मुंबई-ठाण्याकडे आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु शासकीय ठरावाने दहा माणसे जमत नाहीत. अलिबागच्या इस्रायल आळीत 'मागेन आबोथ' आजही उभे आहे. कोकणातील अशा ठिकाणी मिन्यान भरविण्यासाठी आता बाहेरगावच्या माणसांची वाट पाहावी लागते. तिकडे लोद, अश्दोद, दिमोना या गावांत बेने इस्रायलांनी स्वतःची सिनेगॉगे थाटली आहेत. तेथे जमणाऱ्या वृद्धांच्या तोंडी प्रार्थना हिब्रूत असते, आणि प्रार्थना संपल्यावरच्या गप्पा मराठीत.