घरी बांधलेल्या गाडीचे अडकणारे ब्रेक

सुट्या भागांतून घरी जुळविलेल्या गाडीचे तेलाच्या दाबावरील ब्रेक पाय काढूनही न सुटल्यास ड्रम तापतो, पकड कमी होते व उतारावर जिवास धोका संभवतो.

इतर चाकांना दगड लावून एक चाक जॅकने उचलावे व आसाखाली ठोकळा द्यावा. पेडल दाबून सोडावे व चाक फिरवावे. जड फिरल्यास हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करावा.

चाक सुटल्यास तेलाचा दाब अडकला आहे असे समजावे. सर्व चाके अडकत असल्यास मास्टर सिलिंडरच्या दांड्याची मोकळीक तपासावी. एकच अडकल्यास रबरी नळी आतून बुजली असण्याचा संभव असतो.

चाक न सुटल्यास गंजलेला पिस्टन, ढिली स्प्रिंग किंवा ताणलेली हातब्रेकची तार शोधावी.

दुरुस्तीनंतर हवा काढून, ब्रेक तपासूनच गाडी रस्त्यावर न्यावी.