समुद्रावांचून बंदर : नाशकांतील एक अभ्यासफेरी

नाशिक हें बंदर नव्हे. समुद्र येथून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. तथापि ज्या विद्यार्थ्यास बंदराचें जीवन समजून घ्यावयाचें आहे, त्यानें एक दिवस पायीं नाशिक पाहावें, असें आम्ही सुचवितों. परमुलखांतून आलेलीं माणसें एखाद्या गांवीं काय ठेवून गेलीं व तेथून काय घेऊन गेलीं, हें पाहिलें म्हणजे त्या गांवाचें समुद्राशीं असलेलें नातें उघड होतें. गोदातीरींच्या या नगरांत तशा तीन खुणा आहेत.

ऊन चढण्यापूर्वीं पांडवलेण्यांपासून आरंभ करावा. त्रिरश्मि डोंगरांतील हीं 24 लेणीं, नांवांत पांडव असले तरी, बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत. 10 व्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. तो जातीनें शक होता. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा, तसेंच दशपूर व आपल्या नाशकाजवळील गोवर्धन येथें त्यानें धर्मशाळा बांधल्या; तापी, दमण, डहाणुका इत्यादि नद्यांवर उतारूंसाठीं विनामूल्य नावा ठेविल्या. बंदरें आणि घाटमाथा यांना जोडणारी वाटच या लेखांत आंखलेली दिसते.

येथें थोडें गणितही करावें. उषवदातानें गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेंकडा 1 व्याजानें ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नव्हतें. व्याजांतून पावसाळ्यांत लेण्यांत राहणाऱ्या 20 भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकीं 12 कार्षापण मिळावयाचे. वर्षाचें व्याज 240, आणि 20 गुणिलें 12 हेही 240 ! परकीय राजपुरुष आपलें धन गांवच्या विणकरांच्या हातीं निःशंकपणें सोंपवितो. त्या काळच्या कारागिरांची पत याहून अधिक कशानें सिद्ध व्हावी? पुढें 17 वें लेणें पाहावें. तें कोरविणारा इंद्राग्निदत्त स्वतःस उत्तरेकडील दात्तामित्री नगरीचा योनक, म्हणजे यवन, म्हणवितो. नांव संस्कृत वळणाचें, कूळ यवनाचें आणि दान बौद्ध संघास !

डोंगर उतरून शहरांत यावें व पंचवटीच्या कांठीं नारोशंकराचें देऊळ गांठावें. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनीं तें 1747 मध्यें बांधिलें. समोरच्या तटावर जी थोर घंटा टांगली आहे, तिच्यावर 1721 हें इसवी वर्ष कोरलेलें आहे. ती मूळची पोर्तुगीज असून वसईच्या विजयाची खूण म्हणून येथें आली, असें परंपरा सांगते. 1534 पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई चिमाजी अप्पांनीं 1739 मध्यें घेतली. एका बंदराचा नाद असा नदीकांठीं येऊन राहिला.

शेवटचा मुक्काम शरणपूर. 1854 च्या सुमारास पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं वसविलेल्या या वस्तींत आफ्रिकेंतून धरून आणलेलीं मुलें राहत असत. गुलामांच्या व्यापाऱ्यांचीं गलबतें इंग्रजी आरमारानें पकडिलीं, म्हणजे सुटलेलीं मुलें मुंबईस उतरविलीं जात व त्यांतील कित्येक येथें येत. तीं येथें लिहावयास, वाचावयास व सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे करावयास शिकलीं. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासांत त्यांस जाऊन मिळाला. 1873 मध्यें डॉक्टरांचा अंत झाल्यावर सोबत्यांनीं त्यांचा देह शेंकडों मैल वाहून किनाऱ्यास आणिला. मृत्यूची नोंद झाडाच्या सालीवर कोरणारा जेकबच होता, आणि 18 एप्रिल 1874 रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरांत शवपेटीस हात लावून चालणाऱ्यांतही तो होता. शरणपुरांतील पुष्कळ मंडळी पुढें मोंबासाजवळ नव्यानें वसलेल्या फ्रियर टाउन येथें परतली व तेथें शिक्षक व कारागीर झाली.

विद्यार्थिमित्रहो, समुद्रमार्गें केवळ वस्त्रें व नाणीं येत नाहींत. त्याच मार्गानें माणूसही विकावयाच्या मालाप्रमाणें लादला जात होता, हें विसरूं नये. म्हणून नगराची थोरवी मोजतांना त्याच्या बाजारपेठेची उलाढाल पाहूं नका. जो मालाप्रमाणें आणिला गेला, तो तेथून माणूस म्हणून गेला कीं नाहीं, तें पाहा. ज्यास ही फेरी करावयाची असेल त्यानें वही बरोबर न्यावी, आणि प्रत्येक ठिकाणीं दोनच प्रश्न लिहावे : येथें कोण आलें ? आणि येथून काय होऊन गेलें ?