मार्गशीर्ष ते रथसप्तमी : व्यायामाची सवय जडविण्याचा काळ

हिवाळा हा शरीरसंवर्धनाचा ऋतू, असे आपण पूर्वापार ऐकत आलो आहोत. पौष्टिक आहार घेणाऱ्या सशक्त माणसाने थंडीत व वसंतात व्यायाम करावा, मात्र तोही अर्ध्या शक्तीनेच, असे आयुर्वेदाने सांगून ठेवले आहे. प्रत्यक्षात याच दिवसांत अनेकांचे सकाळचे फिरणे बंद पडते. रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण तपासणीस येतात, तेव्हा ‘थंडी पडली आणि फिरणे सुटले’ हे वाक्य आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते. औषधाची गोळी नेमाने घेतली जाते; व्यायाम मात्र हवामानावर सोपविला जातो.

हा खंड महागात पडू शकतो. थंडीने त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील भार वाढतो. व्यायामामुळे स्नायूंकडून रक्तातील साखरेचा जो चांगला वापर होतो, त्याचा परिणामही एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून मधुमेही व्यक्तीने सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये.

मग सवय जडते तरी किती दिवसांत? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींचा १२ आठवडे केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज ठरावीक प्रसंगी एकच कृती केल्यास ती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागतात, असे त्यात आढळले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. विशेष दिलासा देणारी गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकल्याने सवयीची घडण मोडली नाही.

आपल्या पंचांगात हा काळ जणू आखूनच ठेवलेला आहे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत, सुमारे ६६ दिवसच होतात. सूर्योपासनेचा हा दिवस महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सामूहिक सूर्यनमस्कार घालून साजरा होतो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्याचे मर्म दैनंदिन नेमातच होते.

हा नेम पाळताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे.

व्यायामास घड्याळापेक्षा नित्याच्या कृतीची जोड द्यावी. ‘सकाळच्या चहानंतर’ हा संकल्प ‘जमेल तेव्हा’ यापेक्षा टिकाऊ असतो. पहिल्या आठवड्यात १० मिनिटे पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याला किमान १५० मिनिटांची मर्यादा हळूहळू गाठावी. घराबाहेर पडण्यापूर्वी ५ ते १० मिनिटे घरातच हातपाय मोकळे करावेत. वृद्धांनी व हृदयरुग्णांनी पहाटेचा गारठा टाळून ऊन पडल्यावर फिरावे. दम्याच्या रुग्णांनी धुके व शेकोटीचा धूर यांपासून दूर राहावे. मधुमेहींनी मोजे व बंद पादत्राणे वापरावीत, परतल्यावर तळपाय तपासावेत आणि इन्सुलिन घेत असल्यास खिशात साखर ठेवावी. बाहेर जाणे अशक्य असेल त्या दिवशी घरातच चालावे. नेमाची वेळ चुकवू नये. हृदयविकार असलेल्यांनी व्यायामाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. छातीत दुखणे, धाप वा भोवळ जाणवल्यास तत्काळ थांबावे. त्रास न थांबल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णाच्या कुटुंबियांस आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. ‘फिरायला जा’ असे सांगण्याऐवजी ‘चला, मीही येतो’ असे म्हणावे. शाल पांघरून बसलेल्या वडीलधाऱ्यांना उंबऱ्याबाहेर काढण्याचे सामर्थ्य सोबतीत असते, उपदेशात नसते.

रथसप्तमी हा या नेमाचा शेवट नव्हे. व्यायामासारखी कष्टाची सवय रुजण्यास अधिक दिवस लागू शकतात. म्हणून होळीपर्यंत ती नेटाने सांभाळावी. दात्यांच्या औदार्यामुळे रुग्णालयात खाटा व उपकरणे येतात. परंतु ज्या खाटेची गरजच भासली नाही, ते आरोग्य प्रत्येकाने आपल्या घरीच कमवावयाचे असते. येत्या मार्गशीर्षात आपण सर्वांनी त्याचा शुभारंभ करावा, ही सदिच्छा.