वर मागण्याआधी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ट्रोल पात्र घेऊन उतरलेल्या माणसाची दोन गोष्टींशी लवकरच गाठ पडते. एक टॅलेंटचा, म्हणजे पात्राच्या कौशल्यांचा तक्ता आणि दुसरे लोआ, म्हणजे ट्रोलांचे देव. कुणी वाघाच्या रूपात, कुणी सापाच्या, कुणी बेडकाच्या. नवे खेळाडू टॅलेंटसाठी इंटरनेटवरून तयार बिल्ड, म्हणजे टॅलेंटची आयती वाटणी उचलतात आणि लोआंच्या कथा न वाचताच संवादाच्या खिडक्या बंद करत पुढे जातात. मी ट्रोल मेज, म्हणजे जादूगार खेळते आणि क्लासिकच्या, म्हणजे खेळाच्या पुन्हा आणलेल्या जुन्या आवृत्तीच्या काळात आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, रेडआधी, म्हणजे मोठ्या सामूहिक मोहिमेआधी मेज मंडळींची टॅलेंट तपासायचं काम माझ्याकडे असायचं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. या खेळात टॅलेंट काय आणि देव काय, दोन्हीकडे सौदा असतो. किंमत समोर लिहिलेली असते, पण ती वाचायला कुणी थांबत नाही.

आधी टॅलेंटचं सांगते. ऑगस्ट 2019 मध्ये आलेल्या क्लासिकमध्ये जुनीच पद्धत होती. दहाव्या लेव्हलपासून दर लेव्हलला एक पॉइंट, साठाव्या लेव्हलला एकूण 51, आणि ते वाटायला तीन ट्री. ट्रीच्या तळाचं सर्वात मोठं टॅलेंट घ्यायला 31 पॉइंट लागतात, म्हणजे ते चाळिसाव्या लेव्हलच्या आधी मिळतच नाही. वाटणी बदलायची तर ट्रेनरकडे जाऊन पैसे मोजायचे. पहिल्यांदा 1 सोन्याचं नाणं, मग 5, आणि पुढे दर वेळी पाचाने वाढत 50 पर्यंत. तेव्हा बसायला पहिला रॅप्टर आणि तो चालवायचं शिक्षण मिळून साधारण 100 नाणी पडायची. त्यावरून या 50 नाण्यांचं वजन लक्षात येईल.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मोल्टन कोरच्या पहिल्याच रात्री एक हुशार मुलगा आमच्यात आला. लेव्हल साठ, गिअर चांगलं, सगळे पॉइंट फायर ट्रीमध्ये, खाली कम्बश्चनपर्यंत. वाढताना त्याला त्या ट्रीने उत्तम साथ दिली होती. पण मोल्टन कोर ही आगीच्या प्राण्यांचीच गुहा. तिथल्या कित्येक शत्रूंना आग लागतच नाही, आणि शेवटी उभा असलेला रॅग्नारोस तर आगीचाच स्वामी. मुलगा फायरबॉल टाकत होता आणि पडद्यावर एकच शब्द उमटत होता, ‘इम्यून’. तो माझ्याशी खाजगीत बोलला तेव्हा रडवेला झाला होता, गिल्डमधून काढतील या भीतीने. आम्ही थांबलो. तो ऑर्ग्रिमार शहरात जाऊन पैसे भरून फ्रॉस्ट घेऊन आला आणि वॉरलॉकांनी त्याला समनिंग करून परत आणलं. त्याला कुणीही बोल लावला नाही, लावायलाही नको होता. ‘सर्वात जास्त डॅमेज’ असं लिहिलेली ती बिल्ड कुठल्या जागेसाठी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की बिल्ड पाहण्याआधी आपण पुढचे काही आठवडे कुणाशी लढणार आहोत ते पाहा. शत्रू ठरला की निम्मा तक्ता आपोआप भरतो.

दुसरं, चमकदार टॅलेंटच्या शेजारी एखादं मुकं टॅलेंट बसलेलं असतं, त्याच्याकडे आधी बघा. क्लासिकच्या फ्रॉस्ट ट्रीमध्ये अगदी वरच्या ओळीत एलिमेंटल प्रिसिजन आहे. त्यात ना नवं शस्त्र, ना दिसायला काही. फक्त तीन पॉइंटमध्ये तुमची फ्रॉस्ट आणि फायरची जादू हुकण्याची शक्यता 6 टक्क्यांनी कमी होते. आता गणित करा. रेडचा बॉस तुमच्याहून तीन लेव्हल वरचा धरला जातो आणि त्याच्यावर जादू लागण्याची मूळ शक्यता 83 टक्के असते. ती कितीही वाढवली तरी 99 च्या पुढे जात नाही. म्हणजे भरून काढायची तूट 16 टक्क्यांची, आणि त्यातले 6 टक्के हे तीन पॉइंट देतात. तेवढं गिअरमधून जमवायचं तर कित्येक आठवडे नशिबाची वाट बघावी लागते. तरीही माझ्यासमोर आलेल्या अनेक तक्त्यांत ही जागा रिकामी असायची.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या खेळाडूंसाठी. या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. पुण्या-नाशकातून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा पिंग गृहीतच धरावा लागतो, पावसाळ्यात लाइन खराब झाली की त्याहून जास्त. तयार बिल्ड करणारा मात्र बहुधा सर्व्हरच्या जवळ बसलेला असतो. ऐन क्षणी बटण दाबलं तरच फायदा देणारी टॅलेंट त्याच्या हातात सोनं असतात, आपल्या हातात तो क्षण निघून गेलेला असतो. सतत चालू राहणारा, न दाबता मिळणारा फायदा आपल्याला जास्त मानवतो. कागदावर डॅमेज थोडं कमी दिसलं तरी चालेल.

आता देवांकडे येते. एप्रिल 2020 मध्ये क्लासिकमध्ये झुलगुरुब उघडलं. बाहेर टाळेबंदी होती, आणि आम्ही वीस जण रोज रात्री त्या जंगलातल्या मंदिरात. तिथला हक्कर हा रक्ताचा देव. गुरुबाशी ट्रोलांनी सत्तेसाठी त्याला हाक मारली आणि त्याने त्यांच्याकडूनच बळी मागायला सुरुवात केली. त्याला रोखायला झंडलारी ट्रोलांनी पाच देवांचे पाच पुजारी पाठवले: वटवाघूळ, साप, कोळी, बिबट्या आणि वाघ. पाचही जण त्याच्याच कह्यात गेले. ही कथा म्हणजेच त्या लढाईची चावी आहे. जेवढे पुजारी जिवंत सोडाल तेवढ्या त्यांच्या शक्ती हक्करच्या अंगात उतरलेल्या असतात.

तो रक्ताचा देव आहे हे ज्याने वाचलं त्याला पुढचंही कळतं. दर दीड मिनिटाने हक्कर सगळ्यांचं रक्त शोषतो आणि स्वतः बरा होतो. उपाय एकच, आपलं रक्त आधीच विषारी करून ठेवायचं. हक्करचे पुत्र म्हणवणारे साप मारले की विषाचा ढग पसरतो, त्यात जाऊन उभं राहायचं, मग शोषलेलं रक्त त्यालाच बाधतं. आमच्या एका शमनने नेहमीच्या सवयीने विष उतरवणारा टोटेम मांडला. त्याचा हेतू चांगलाच होता, विष दिसलं की काढायचं हा हीलरचा धर्मच. पण त्याच्या गटातल्या सगळ्यांचं रक्त शुद्ध झालं आणि हक्करची तब्येत भराभर वर चढली. झुलगुरुबला जाणाऱ्या प्रत्येक हीलरला मी अजूनही सांगते, टोटेम काढा, विष उतरवायला मदत करणारे ऍडऑन बंद करा. मेजने मेंढी करण्याची जादू हाताशी ठेवावी, कारण हक्कर आपल्याच टँकला वेड लावून आपल्यावर सोडतो.

याच हक्करच्या दूषित रक्ताची साथ सप्टेंबर 2005 मध्ये खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत खेळातल्या शहरांत पोचली होती. पुढे 2007 मध्ये साथरोगाच्या अभ्यासकांनी तिच्यावर लेख लिहिले. टाळेबंदीत ते वाचताना अंगावर काटा आला.

बाकीच्या ट्रोल जमातींच्या कथांतही सौदाच आहे. झुलड्रॅकच्या ड्रक्कारींनी मृतांच्या फौजेशी लढायला बळ हवं म्हणून स्वतःच्याच देवांना मारून त्यांची शक्ती घेतली. झंडलारींचा राजा रास्ताखान याचा पाठीराखा लोआ रेझान मारला गेल्यावर त्याने मृत्यूचा लोआ ब्वॉनसामडीशी करार केला. किंमत होती त्याच्या पुढच्या सगळ्या वंशाची, आणि ती मुलगी तालांजीच्या माथी आली. आपल्याकडे नवस बोलतानाच काय फेडायचं ते बोललं जातं. रास्ताखानलाही ते माहीत होतं, फक्त फेडणारी व्यक्ती दुसरी होती. लोआंची कल्पना हैतीतल्या व्होडू धर्मातून आली आहे आणि तो धर्म आजही पाळला जातो. खेळातल्या रक्तपिपासू देवांवरून त्याच्याविषयी मत बनवू नये, हेही सांगायला हवं.

खेळाच्या नव्या आवृत्तीत झंडलारी ट्रोल घेतलात तर देव आणि टॅलेंट एकाच ठिकाणी भेटतात. सहा लोआंपैकी एकाचा वरदहस्त निवडायचा असतो आणि निवडल्यावर तो लगेच बदलता येत नाही. गॉन्क चालण्याचा वेग वाढवतो, पाकू अधूनमधून क्रिटिकलची शक्यता वाढवतो, किम्बुलमुळे शत्रूला रक्तस्राव होतो, क्रॅगवा मार खाताना सांभाळतो, अकुंडा हीलरच्या उपचारात भर घालतो, ब्वॉनसामडी शत्रूचा जीव ओढून तुम्हाला देतो. लोक सवयीने सर्वात जास्त डॅमेजवाला उचलतात. दिवसभर एकट्याने हिंडून कामं करणाऱ्याला गॉन्क कितीतरी जास्त देतो, कारण त्याचा बहुतेक वेळ चालण्यातच जातो. एकट्याने लढताना जीव वाचवायचा असेल तर ब्वॉनसामडी. हीलरने अकुंडाच घ्यावा, पण त्याआधी व्होल्डूनच्या वाळवंटातली त्याची कथा संपूर्ण वाचावी. दुःख विसरायला आलेल्यांच्या आठवणी तो काढून घेतो. त्या देवळातल्या भक्तांना स्वतःचं नावही उरलेलं नाही, सगळे एकमेकांना अकुंडाच म्हणतात.

नोव्हेंबर 2022 मधल्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारापासून नव्या आवृत्तीत टॅलेंट बदलणं फुकट झालं आहे. लढाई चालू नसेल तर जवळपास कुठेही बदला. त्याचा लाभ घ्या. एक वाटणी रेडसाठी, एक एकट्याने हिंडण्यासाठी, अशा दोन वाटण्या नावं देऊन जपून ठेवा, आणि दर टॅलेंटवर कर्सर नेऊन खालची बारीक अक्षरं एकदा तरी स्वतः वाचा. अडलं तर गिल्डमध्ये विचारा. माझ्याकडे आलेल्या कुणालाही मी रेडच्या ऐन रात्रीसुद्धा परत पाठवलेलं नाही.