दगडी कोळशातील गंधक आणि सूक्ष्मजंतू

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जुना जालन्याच्या परिसरात दगडी कोळशाची खाण नाही. येथील भूमी काळ्या बेसाल्टची, तर राज्याचा कोळसा मुख्यत्वे चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांतला. तथापि जालन्याच्या पोलाद उद्योगात भंगाराबरोबर स्पंज लोखंडही वितळविले जाते आणि ते तयार करण्यास कोळसा लागतो. कोळशातील गंधक लोखंडात उतरल्यास पोलाद तापविताना ठिसूळ होते. म्हणून हा विषय आपल्यालाही परका नाही.

एक टक्का गंधक असलेला एक टन कोळसा जळला म्हणजे सुमारे २० किलो सल्फर डाय-ऑक्साइड निर्माण होऊ शकतो. कोळशात हे गंधक प्रामुख्याने दोन रूपांत असते : पायराइट या सोनेरी चमकणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजात आणि कोळशाच्या सेंद्रिय घटकांत.

खाणीतून पाझरणारे पाणी आम्लधर्मी का होते, याचा शोध घेताना कोल्मर व हिंकल या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९४७ मध्ये लोहाच्या ऑक्सिडीकरणास कारणीभूत असणारा जिवाणू आढळला. आज त्यास ॲसिडीथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणतात. तो पायराइटमधील लोह व गंधक यांच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवितो. या क्रियेत गंधकाचे सल्फेट होऊन ते पाण्यात विरघळते व धुऊन काढता येते. त्यासाठी कोळसा बारीक दळावा लागतो, पाणी आम्लधर्मी व सुमारे ३० अंश सेल्सियस तापमानाचे ठेवून त्यात हवा खेळवावी लागते.

या पद्धतीस उच्च तापमान वा दाब लागत नाही, हा तिचा गुण. मात्र क्रियेस अनेक दिवस लागतात. सेंद्रिय गंधक या जिवाणूस दाद देत नाही. ईशान्य भारतातील जादा गंधकाच्या कोळशात तेच अधिक असते. त्यासाठी ऱ्होडोकॉकस जातीच्या जिवाणूंवर संशोधन झाले आहे. तांब्याच्या खनिजांबाबत जिवाणूंचा वापर उद्योगात रुळला. कोळशाबाबत तो प्रामुख्याने प्रयोगशाळा व प्रायोगिक संयंत्रे यांपुरताच राहिला.

धुण्यातून उरणारे आम्लयुक्त पाणी चुन्याने निर्विष केल्याशिवाय ओढ्यात सोडता कामा नये. जो जिवाणू संयंत्रात कोळसा शुद्ध करतो, तोच उघड्या खाणीत विहिरीचे पाणी नासवितो. खाणक्षेत्रातील ग्रामपंचायतींनी पाण्याची आम्लता वेळोवेळी तपासून घ्यावी आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांस लिटमस कागदाने ती पडताळून दाखवावी.